काट्याला सगळं ठाऊक आहे

ब्रिटनमध्ये सुट्टीवर निघालेलं एखादं निवृत्त जोडपं आपल्या कारमागे कॅराव्हॅन जोडतं. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. आत पलंग, शेगडी, कपाट, छोटा संडास. मोठी कॅराव्हॅन भरून दीड-दोन टनांची होते. ती रस्त्यावर आणायची तर काय काय पाळावं लागतं बघा. ट्रेलर ७५० किलोंच्या वरचा असेल तर त्याला स्वतःचे ब्रेक हवेतच. प्रवासात जोड तुटला तर ते ब्रेक आपोआप लागावेत म्हणून एक वेगळी तार हवी. मागे दिवे हवेत, लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर हवेत आणि ओढणाऱ्या कारचा नंबर हवा. मोटरवेवर ताशी ६० मैलांच्या, म्हणजे साधारण ९६ किलोमीटरच्या वर जायचं नाही. तीन लेनचा रस्ता असेल तर सगळ्यात उजवीकडच्या लेनमध्ये शिरायचं नाही. शिवाय कायद्यात नसलेला पण तिथल्या कॅराव्हॅनवाल्यांना तोंडपाठ असलेला एक नियम आहे. नवशिक्याने भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन कारच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावं.

एवढा सगळा बंदोबस्त कशासाठी, तर दोन माणसांना समुद्रकिनारी जाऊन चहा प्यायचाय म्हणून.

आता आपल्याकडे या. नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर यांपैकी कुठल्याही जिल्ह्यातला कुठलाही रस्ता घ्या. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर, त्यामागे एक ट्रॉली, तिच्यामागे दुसरी. दोन्हींत मिळून वीस-बावीस टन ऊस. चालतील असे ब्रेक कुणाला असतात? पुढच्या वेळी उभी ट्रॉली दिसली तर खाली वाकून चाकाकडे बघा आणि स्वतःच ठरवा. जोडाला एक पिन. मागचा दिवा असेल तर तो उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. छान झालं. पण महाराष्ट्राची खरी कॅराव्हॅन त्याच्या कितीतरी आधीपासून रस्त्यावर आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडून टोळ्या निघतात. ट्रॉलीत आधी सरपण आणि खोपीचं सामान, त्यावर भांडीकुंडी, त्यावर गोधड्या, त्यावर बाया, पोरं, म्हातारी माणसं, एखादी शेळी. घर ओढून नेणं म्हणजे कॅराव्हॅन असेल, तर ही त्या शब्दाची सगळ्यात प्रामाणिक व्याख्या आहे. फरक एवढाच, की ब्रिटनमध्ये चालत्या कॅराव्हॅनमध्ये माणसाला बसायला कुणी देत नाही आणि आपल्याकडे चालत्या ट्रॉलीत अख्खा संसार बसतो.

दर हंगामात जिल्हापानावर तीच बातमी येते. उसाच्या ट्रॉलीला मागून धडकून दुचाकीस्वार ठार. ट्रॉली उलटून मजूर ठार. आपण 'वाईट झालं' म्हणतो आणि खाली स्क्रोल करतो. माझं म्हणणं असं आहे, की या बातम्यांना 'अपघात' म्हणणं बंद करायला हवं. कारण अपघात अचानक होतो. इथे रस्त्यावर किती वजन चाललंय हे एका यंत्रणेला दर खेपेला, दहा-वीस किलोंच्या फरकाने, लेखी माहीत असतं. ती यंत्रणा म्हणजे कारखान्याचा वजनकाटा. महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी ओव्हरलोड पकडणारी व्यवस्था आरटीओकडे नाही, साखर कारखान्यांकडे आहे. आणि ती कुणालाही पकडत नाही.

ओढणं आणि थांबवणं

आधी कॅराव्हॅनचे नियम असे का आहेत ते समजून घेऊ. कारण पदार्थविज्ञान पासपोर्ट बघून बदलत नाही.

गाडीमागे वजन जोडलं की दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, ते ओढता येईल का? दुसरा, ते थांबवता येईल का? पहिल्याचं उत्तर इंजिन आणि गिअर देतात. दुसऱ्याचं उत्तर ब्रेक आणि टायरची पकड देते. या दोन उत्तरांचा एकमेकांशी संबंध नाही. खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या दहापट ओढू शकतो. म्हणून तो दहापट थांबवू शकतो असं होत नाही.

पुढच्या गाडीने ब्रेक दाबला तरी मागच्या वस्तूला आपली गती असते. ती पुढच्या गाडीला ढकलते. सरळ रेषेत ढकललं तर थांबायला जास्त अंतर लागतं. वळणावर ढकललं तर पुढची गाडी आणि मागची ट्रॉली चाकूचं पातं मिटावं तशी दुमडतात. यावर कॅराव्हॅनमध्ये फार सोपा उपाय आहे. कार हळू झाली की कॅराव्हॅन जोडावर रेटा देते. तो रेटाच एका दांड्यातून कॅराव्हॅनच्या चाकांच्या ब्रेकपर्यंत नेलेला असतो. जितकं जोरात ढकलाल तितका तुमचाच ब्रेक लागेल. यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. दांडा, स्प्रिंग आणि तार आहे. आपल्या तालुक्याच्या गावातला चांगला वेल्डर-फिटर बघून करू शकेल असं काम आहे.

वजन कुठे ठेवायचं याचाही नियम आहे. जड सामान खाली आणि चाकांच्या वर. एकूण वजनाचा ५ ते ७ टक्के भार जोडाच्या टोकावर खाली दाबणारा असावा. मागे जास्त वजन गेलं तर कॅराव्हॅन कुत्र्याच्या शेपटीसारखी हलायला लागते आणि शेवटी कारलाच हलवते.

आता आपला हिशेब करू. उदार मनाने करू, म्हणजे कुणी म्हणायला नको की आकडे फुगवले.

ट्रॅक्टर अडीच टनांचा. दोन रिकाम्या ट्रॉल्या मिळून चार टन. ऊस बावीस टन. एकूण साडेअठ्ठावीस टन. बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. तरी आपण समजू, की ट्रॅक्टरचं सगळं अडीच टन वजन ब्रेक लागणाऱ्या चाकांवरच आहे. रस्ता कोरडा, टायर चांगले, पकड ०.७. म्हणजे रस्त्याला धरून ठेवण्याची ताकद झाली पावणेदोन टन. ती वापरायची साडेअठ्ठावीस टनांसाठी. भागाकार करा. सगळ्या चाकांना ब्रेक असलेली साधी कार ज्या जोराने थांबते, त्याचा हा जेमतेम अकरावा हिस्सा.

ताशी २५ किलोमीटरच्या वेगात ती कार ब्रेक दाबल्यावर साडेतीन मीटरमध्ये थांबते. ही जोडी, चाकं फिरताना लागणाऱ्या अवरोधाची मदत धरली तरी, ३० ते ४० मीटर घेते. कबड्डीची तीन मैदानं एकापुढे एक ठेवा, तेवढं. त्यात ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जायला लागणारा वेळ धरलेला नाही. आणि हा सपाट रस्ता झाला. उतार सोळाला एक झाला की ट्रॅक्टरच्या ब्रेकची सगळी ताकद फक्त वेग वाढू न देण्यात संपते. थांबायला काही उरतच नाही. त्यात रस्त्यावर फडातून आलेली ओली माती असेल तर विषयच संपला.

आता याच ट्रॉल्यांना मध्यम प्रतीचे, कारच्या निम्म्याहून कमी ताकदीचे ब्रेक लावले असं धरा. तेच अंतर साडेसात मीटरच्या आसपास येतं. मी चंद्रावर जायची मागणी करत नाहीये. चाळीसचं साडेसात करणारी गोष्ट जगात कधीपासून आहे आणि ती तारेवर चालते, एवढंच सांगतोय.

कुणी म्हणेल, कॅराव्हॅनचा ८५ टक्क्यांचा नियम ट्रॅक्टरला कसा लावता? लावत नाहीच. तो वेगात जाणाऱ्या कारसाठी आहे, ट्रॅक्टर हळू चालतो. पण तिथे प्रमाण ८५ टक्के आहे आणि इथे हजार टक्के. हजार टक्क्यांना निदान ब्रेक तरी असावेत की नाही?

नाद खुळा

आता थोडं आपल्याबद्दल, म्हणजे फोन हातात धरून बसलेल्यांबद्दल. ऊस वाहतुकीच्या रील्स तुम्ही पाहिल्या आहेत. चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत, मागे दोन डोंगर, वर गाणं, खाली 'नाद खुळा'. लाखो लोक बघतात. कौशल्य आहे यात शंका नाही. पण ते कशाचं आहे बघा. पुढची चाकं हवेत म्हणजे स्टिअरिंग बंद. मग ड्रायव्हर डावा आणि उजवा ब्रेक वेगवेगळा दाबून ट्रॅक्टर वळवतो. शेतात वळण घ्यायला सोयीचं म्हणून ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात. रस्त्यावर आल्यावर ते खटक्याने एकमेकांना जोडून ठेवायचे असतात, म्हणजे दोन्ही चाकांना सारखा ब्रेक लागतो. आपण टाळ्या वाजवतो त्या रीलमधला माणूस ज्या पेडलने थांबायचं त्यानेच वळतोय, कारण त्याच्याकडे दुसरं काही उरलेलंच नाही.

त्याला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. उलट सांगायचंय ते हे, की या विषयावरची आपली सगळी चर्चा त्याच्यावरच येऊन थांबते. ड्रायव्हर दारू पितात. मोठ्याने डेक लावतात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. एकाच दिव्यावर गाडी चालवतात, समोरच्याला मोटरसायकल वाटते. यातलं बरंच खरं आहे आणि त्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण एक प्रश्न विचारा. तो निर्व्यसनी आहे, डेक बंद आहे, दोन्ही दिवे लागतात आणि रस्ता सरळ आहे. तरी त्याला थांबायला चाळीस मीटर लागणार आहेत. कारण चुकी स्वभावाची नाही, जोडणीची आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

दुसरी आवडती गोष्ट म्हणजे रेडियम. हंगामाच्या सुरुवातीला एक कार्यक्रम होतो. कारखान्याचे पदाधिकारी, परिवहन खात्याचे अधिकारी, ट्रॉलीच्या मागे लाल पट्ट्या चिकटवताना फोटो. रेडियम लागलंच पाहिजे, त्याने रात्री जीव वाचतात. रस्त्यात बंद पडून अंधारात उभी राहिलेली ट्रॉली ही दुचाकीवाल्याची सगळ्यात मोठी वैरी आहे. बाजूला चार दगड लावून ठेवतात आणि निघताना ते दगडही तिथेच सोडून जातात. पण रेडियम मागच्याला सांगतं, 'मी इथे आहे, तू जप.' पुढच्याला काय सांगतं? उतारावर समोरून येणाऱ्या एसटीला, चौकात रस्ता ओलांडणाऱ्या शाळेच्या पोरांना त्या पट्टीचा काय उपयोग? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं हे काम आहे. जोखीम वजनात आहे, आपण पट्टी चिकटवतो.

दोन ट्रॉल्यांचा आणखी एक छुपा धोका ओव्हरटेक करणाऱ्याला असतो. रात्री मागून दिसते ती शेवटची ट्रॉली. तिच्यापुढे अजून एक आहे हे बाजूला आल्यावरच कळतं. पंधरा-सोळा मीटरची ही आगगाडी ओलांडायला, तुम्ही पन्नासने आणि ती वीसने जात असताना, साडेचार सेकंद तरी लागतात. तेवढ्यात तुम्ही साठ-बासष्ट मीटर उजव्या बाजूने गेलेले असता. समोरून येणारा ट्रक थोडाच तुमच्यासाठी थांबलेला असतो.

वजन वाढतं ते टनावर

मग एवढं भरतात का? कारण पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. खेपेला डिझेल लागतं, ड्रायव्हरला पैसे लागतात, यार्डात वेळ जातो. हे सगळं दहा टनांना जवळपास तेवढंच आणि बावीस टनांना जवळपास तेवढंच. मग माणूस बावीस भरणार. गणित कच्चं असलेला माणूसही इथे बरोबर उत्तर काढतो.

वाहतूकदार म्हणजे कुणी धनदांडगा नसतो. बहुतेकदा गावातलाच तरुण, ट्रॅक्टर कर्जाचा. हंगामाआधी मुकादमाला टोळीसाठी लाखांमध्ये उचल दिलेली. टोळी आली नाही किंवा अर्ध्यातून पळाली तर बुडणारा तोच. चार-पाच महिन्यांत वर्षाचे हप्ते काढायचे आहेत. त्याला 'कमी भर' असं सांगणं म्हणजे उपाशी माणसाला सावकाश जेव म्हणण्यासारखं आहे.

कारखान्याला ऊस सतत हवा. गव्हाण रिकामी राहिली की नुकसान. शेतकऱ्याला ऊस लवकर जायला हवा, कारण तुटलेला ऊस वाळतो आणि वजन घटतं. म्हणजे साखळीतल्या प्रत्येकाला जास्त वजनाचा फायदा आहे. तोटा फक्त साखळीबाहेरच्या माणसाला आहे. दुचाकीवरच्या मुलाला, सायकलवरच्या मुलीला, एसटीच्या पहिल्या सीटवरच्या म्हातारीला. आणि साखळीतल्या सगळ्यात खालच्या माणसाला, जो त्याच ट्रॉलीवर बसून पुढच्या फडाला जातो.

काटा

महाराष्ट्रात चांगल्या हंगामात १,००० लाख टनांहून जास्त ऊस गाळला जातो. त्यातला प्रत्येक टन कुठल्या ना कुठल्या काट्यावरून गेलेला असतो. भरलेली गाडी काट्यावर येते, वजन होतं. गव्हाणीत ऊस पडतो. रिकामी गाडी परत काट्यावर येते, पुन्हा वजन होतं. वजाबाकी म्हणजे ऊस. पावतीवर गाडीचा नंबर, शेतकऱ्याचं नाव, भरलेलं वजन, रिकामं वजन, तारीख, वेळ. हे सगळं कॉम्प्युटरमध्ये.

थोडं थांबून याचा अर्थ लावू. ट्रॉली किती वजनाला पास आहे हे तिच्या नोंदणी पुस्तकात लिहिलेलं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६१ नुसार ट्रेलरलाही इतर वाहनांसारखी नोंदणी लागते. म्हणजे एक आकडा नोंदणी पुस्तकात, दुसरा काट्याच्या पावतीवर. दोन आकड्यांची तुलना करायची. माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, म्हणून सांगतो, ही एका ओळीची अट आहे. नव्या मुलाला कामाच्या पहिल्या आठवड्यात देतात त्याहून सोपी. ट्रॉलीची नोंदणीच नसेल तर काम आणखी सोपं. मंजूर वजन शून्य.

आपल्याकडे काट्यावरून आंदोलनं झाली आहेत. काटामारी हा शब्द ऊसपट्ट्यातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. काटा कमी दाखवतो का, यासाठी शेतकरी संघटना रस्त्यावर उतरल्या आणि ते योग्यच होतं. घामाच्या मालाचं वजन पुरं मिळायलाच हवं. पण काटा जास्त दाखवतो तेव्हा काय, हा प्रश्न एकाही मोर्चात ऐकू येत नाही. शंभर किलो कमी दिसले तर तो अन्याय. दहा टन जास्त दिसले तर ती 'चांगली खेप'.

आणि कायदा? तो याबाबतीत बऱ्यापैकी शहाणा आहे. कलम १९४ खाली जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. शिवाय जादा माल उतरवून घ्यायचा. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. हा दंड फक्त चालवणाऱ्याला नाही. जो तसं वाहन चालवायला लावतो किंवा चालवू देतो, त्यालाही आहे. आता सांगा, ज्याने वाहतुकीचा करार केला, ज्याने उचल दिली, ज्याने कुठल्या फडात जायचं हे ठरवलं, ज्याने वजन केलं, पावती फाडली आणि त्या वजनाचे पैसे दिले, तो 'चालवू देणारा' नाही तर कोण? कारखाने म्हणतात वाहतूकदार स्वतंत्र कंत्राटदार आहे. मग त्याच्या खेपेचा सगळा कार्यक्रम तुमच्या शेती ऑफिसात का ठरतो?

'पण शेतकरी मरेल'

मुख्य आक्षेप हा असणार आणि तो खोटा नाही. एफआरपी कारखान्याच्या दारातली असते. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून कापला जातो. खेपेला वजन कमी झालं तर टनामागे वाहतूक महागेल आणि ती अखेर शेतकऱ्याच्या माथी येईल. हे मी मान्य करतो. जो कुणी म्हणेल की यात कुणालाच काही खर्च नाही, तो खोटं बोलतोय.

पण तीन गोष्टी बघा. पहिली, हा खर्च आजही आहे, फक्त तो वेगळ्या घरात भरला जातो. ज्या घरातला मुलगा परतला नाही त्या घरात. तो बिलात दिसत नाही म्हणून तो नसतो असं नाही. आणि ते घरही बहुतेकदा शेतकऱ्याचंच असतं.

दुसरी, जादा खेपांना वेळ कुठून आणायचा याचं उत्तर यार्डात आहे. हंगामात कारखान्यांबाहेर ट्रॅक्टरांची रांग बघा. नंबर लागायला तासन्‌तास जातात. ड्रायव्हर ट्रॉलीखाली झोपतात. हा वाया जाणारा वेळ कुणीतरी वापरायला हवा. तोडणीचा कार्यक्रम आणि यार्डातला नंबर नीट जुळवला, गाडीला ठरावीक वेळ दिली, तर त्याच ट्रॅक्टरला दिवसाकाठी आणखी एक खेप मिळू शकते. शहरात चहा-समोसा घराच्या दारात वेळेवर पोचवायला आपण जेवढी अक्कल खर्च करतो, त्याच्या चौथाईत हे काम होईल.

तिसरी, ब्रेक हा एकदाच करायचा खर्च आहे. कारखाने दर हंगामाआधी वाहतूकदारांना उचल देतातच. तीच उचल ब्रेक, मागचे चालू दिवे आणि जोडाला साखळी असलेल्या ट्रॉलीलाच द्यायची, एवढी अट घाला. दोन हंगामांत चित्र बदलेल.

आणखी एक आक्षेप येतो. वाळूचे डंपर, खडीचे ट्रक सगळेच ओव्हरलोड, मग उसाच्याच मागे का? कारण वाळूच्या डंपरचं वजन रोज कुणी लिहून ठेवत नाही. उसाचं ठेवतात. जिथे पुरावा आधीच तयार आहे तिथून सुरुवात करायला काय हरकत आहे?

काय मागायचं

मागण्या साध्या आहेत. मंजूर वजनाच्या वरच्या टनांचं वाहतूक भाडं शून्य. लक्षात घ्या, उसाचे पैसे नाही, फक्त भाडं. शेतकऱ्याचा एक किलोही कापायचा नाही. ज्या वजनाचं भाडं मिळत नाही ते वजन कुणी भरत नाही, त्यासाठी पोलीस लागत नाहीत. ट्रॉलीला ब्रेक नसतील तर मागे दुसरी ट्रॉली जोडायची नाही. भरलेल्या ट्रॉलीवर माणूस बसणार नाही आणि टोळीच्या येण्या-जाण्यासाठी कारखाना बस देईल. आणि प्रत्येक कारखाना हंगामाअखेर एक आकडा जाहीर करेल, एकूण खेपा किती आणि मंजूर वजनाच्या वर किती.

हे करायला लावणारा माणूसही आहे. कारखान्याला दर हंगामात पुण्याच्या साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. एफआरपी थकवली म्हणून परवाने अडवले गेले आहेत. पैशासाठी परवाना अडवता येतो, तर ब्रेकसाठीही अडवता येईल.

पण आयुक्तांची वाट बघत बसायची गरज नाही. राज्यातल्या कारखान्यांपैकी कितीतरी सहकारी आहेत, म्हणजे कागदावर त्यांचे मालक सभासद आहेत. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात, वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर, शेअरचा तो जुना पिवळा पडलेला दाखला असेल. सप्टेंबरच्या आसपास वार्षिक सर्वसाधारण सभा होते. एरवी ती 'मंजूर, मंजूर' म्हणत अर्ध्या तासात उरकते. या वेळी सभासदाला सोबत घेऊन एक लेखी प्रश्न आधीच द्या. गेल्या हंगामात आपल्या काट्यावर आलेल्या किती खेपा मंजूर वजनाच्या वर होत्या आणि त्यांना आपण भाडं दिलं का?

उत्तर काढायला त्यांना चौकशी समिती नेमावी लागणार नाही. ते काट्याच्या कॉम्प्युटरमध्ये आजही पडलेलं आहे.